स्क्रोल सॉवर टिकाऊ स्टेन्सिल कापणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूरच्या आडत बाजारात पोत्यांवर उमटणारा व्यापाऱ्याचा मार्का, जिनिंगमधल्या कापसाच्या गाठीवरचा क्रमांक, विहिरीच्या मोटारपेटीवरचे नाव, जिल्हा परिषदेच्या शाळेच्या भिंतीवरचा सुविचार, अशी कामे मराठवाड्यात वर्षभर निघतात आणि त्यांतली बहुतेक स्टेन्सिलनेच होतात. स्टेन्सिल एकदाच वापरायची असेल तर ती कशाचीही चालते. तीच स्टेन्सिल पाच-सहा हंगाम वापरायची असेल, तर मात्र कापण्याआधी बऱ्याच गोष्टी ठरवाव्या लागतात. पेंटर, सुतार, शिक्षक आणि घरी छंद म्हणून काम करणारे लोक जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांची उत्तरे खाली दिली आहेत.

जुन्या एक्स-रे फिल्मवर चाकूने स्टेन्सिल कापता येत असताना स्क्रोल सॉ कशासाठी वापरायचा?

एक्स-रेची फिल्म पातळ असते, सहज कापली जाते आणि तिच्यावरून रंग रेखीव उमटतो, म्हणून चार-दोन भिंतींच्या कामाला तिच्याइतकी सोयीची वस्तू नाही. परंतु शे-दोनशे पोत्यांवर ब्रश मारून झाला की तिच्या अक्षरांतले अरुंद भाग वळतात, उचलले जातात आणि पुढच्या प्रत्येक छाप्याला रंग खाली पाझरू लागतो. त्यापेक्षा जाड आणि ताठ शीट घ्यावी तर ती चाकूला जुमानत नाही. स्क्रोल सॉमध्ये बारीक ब्लेड उभे ताणलेले असते, ते जागच्या जागी वर-खाली होते आणि शीट आपण हाताने फिरवतो, त्यामुळे ताठ शीटमधूनही बोटाच्या नखाएवढे वळण स्वच्छ कापता येते. हातात धरून चालवायची जिगसॉ वेगळी. तिच्या रुंद ब्लेडने अक्षरांची वळणे निघत नाहीत.

लेसरवर कापून घेणे अधिक सोपे नाही का?

ॲक्रिलिकची एकच स्टेन्सिल हवी असेल आणि शहरात जाणे-येणे होणार असेल, तर लेसरवर अवश्य कापून घ्यावी. पण पीव्हीसीच्या फोमशीटवर लेसर चालवू नये, कारण जळताना तिच्यातून हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू निघतो. शिवाय पातळ धातू साध्या लेसर यंत्रावर कापला जात नाही. स्क्रोल सॉवर हे दोन्ही कापता येतात, आणि अक्षरात काही चुकले तर त्याच दिवशी, त्याच टेबलावर ते दुरुस्त करता येते.

शीट कोणती निवडावी?

या प्रश्नाचे उत्तर शीटच्या दिसण्यावर किंवा किमतीवर अवलंबून नाही. आपण कोणता रंग वापरणार आणि स्टेन्सिल कशाने पुसणार, हे आधी ठरवावे आणि मग शीट निवडावी. दुकानात मात्र बहुतेक जण नेमके उलटे करतात आणि चांगली कापलेली स्टेन्सिल थिनरने पुसताना वाया घालवतात.

ऑइल पेंट वापरणार असाल आणि पुसण्यासाठी थिनर हाताशी असेल, तर ॲक्रिलिक घेऊ नये. थिनरने ॲक्रिलिक पांढुरके पडते, त्यावर केसासारख्या बारीक भेगा येतात आणि नंतर ते पुलांपाशी, म्हणजे अक्षरातला आतला भाग धरून ठेवणाऱ्या अरुंद पट्ट्यांपाशी, तुटते. पॉलिकार्बोनेट आणि पॉलिस्टायरिनचीही थिनरपुढे हीच गत होते. आमची पहिली पसंती फर्निचरवर चिकटवतात त्या साधारण १ मिमी जाडीच्या लॅमिनेटला, म्हणजे बोलीभाषेतल्या सनमायकाला आहे. कागदाचे थर रेझिनमध्ये भिजवून, उष्णता आणि दाब देऊन ते बनवलेले असते. त्यावर थिनर, टर्पेंटाइन आणि पाणी यांपैकी कशाचाही सहजासहजी परिणाम होत नाही, आणि सुताराकडे त्याचे हातभर तुकडे उरलेले असतात. ते ठिसूळ असते, हा त्याचा एकच मोठा दोष. त्यावरचा उपाय पुढे पुलांच्या प्रश्नात आहे.

हार्डबोर्ड ३ मिमीचा मिळतो, मोठ्या अक्षरांना चांगला असतो आणि कापायला सर्वांत सोपा असतो, म्हणून नव्याने शिकणाऱ्याने सुरुवात त्यावरच करावी. मात्र तो पाणी पितो. कापून झाल्यावर दोन्ही बाजूंना आणि मुख्यतः कापलेल्या कडांना व्हार्निशचे दोन-तीन हात दिले नाहीत, तर डिस्टेंपरच्या पहिल्याच कामात कडा फुगतात. चपड्याचे पॉलिश टर्पेंटाइनला टिकते, पण स्पिरिटने विरघळते आणि पाण्याने पांढरे पडते, हे लक्षात ठेवून ते फक्त ऑइल पेंटच्या स्टेन्सिललाच द्यावे. एमडीएफची, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाची, शिफारस आम्ही करत नाही; त्याचे अरुंद पूल ओलाव्याने फुगतात आणि भुगा होऊन गळतात.

घराच्या छपरावरून उतरवलेला जुना सिमेंटचा पत्रा मात्र कोणत्याही कारणाने कापू नये, कारण त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी असते आणि त्याची धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते.

स्टेन्सिल जितकी जाड तितकी टिकाऊ, हे खरे आहे का?

काही प्रमाणातच. जाड शीटमध्ये ब्रश अक्षराच्या कोपऱ्यापर्यंत नीट पोहोचत नाही आणि फवाऱ्याने रंग मारला तर शीटच्या कडेची सावली पडून अक्षराची एक बाजू फिकी राहते. अक्षराची उंची ७५ मिमीपर्यंत असेल तर १ ते १.५ मिमी जाडी पुरते; त्याहून मोठ्या अक्षरांना ३ मिमी चालते. जाड शीट वापरावीच लागली, तर स्क्रोल सॉचे टेबल ५ ते १० अंश तिरके करून कापावे, म्हणजे छिद्र रंगाच्या बाजूला थोडे रुंद आणि भिंतीच्या बाजूला नेमके मापाचे होते. तिरके कापताना प्रत्येक छिद्राभोवती एकाच दिशेने फिरावे लागते, नाहीतर एका कडेचा उतार आत आणि दुसरीचा बाहेर जातो. दिशा कोणती, हे आपल्या यंत्राचे टेबल कोणत्या बाजूला झुकते त्यावर ठरते. टाकाऊ तुकड्यावर एक चौकोन कापून ते पाहून घ्यावे.

मराठी अक्षरांना पूल कुठे ठेवावेत?

स्टेन्सिलमध्ये अक्षराचा आकार म्हणजे मोकळी जागा असते. ज्या अक्षराच्या पोटात बंदिस्त भाग आहे, तो भाग कापताच सुटून खाली पडतो. त्या बेटाला बाहेरच्या शीटशी जोडणारी अरुंद पट्टी म्हणजे पूल. रोमन लिपीत ही अडचण ए, बी, डी, ओ अशा मोजक्या अक्षरांत येते आणि तिथले नियम ठरून गेलेले आहेत. आपल्याकडे बरेच जण तेच नियम देवनागरीला लावतात, म्हणजे अक्षराच्या माथ्यावर आणि तळाशी मधोमध पूल देतात, आणि नेमकी तिथेच चूक होते. देवनागरीत माथ्यावर शिरोरेषा असते आणि काही अक्षरांची ओळखच तिच्या अखंड किंवा तुटक असण्यावर ठरते.

‘घ’ आणि ‘ध’ ही जोडी पाहावी. ‘ध’च्या डाव्या माथ्यावर शिरोरेषा तुटलेली असते, ‘घ’वर ती सलग असते. ‘घ’च्या डोक्यावर पूल दिला तर ‘घनसावंगी’चे वाचताना ‘धनसावंगी’ होते. तसेच ‘म’ आणि ‘भ’चे; ‘माहूर’ लिहिताना ‘म’च्या डाव्या माथ्यावर पूल आला, तर दुरून तो ‘भ’ वाटतो. जालन्याकडे जाणाऱ्या एका रस्त्यावरच्या फलकासाठी मी अनेक वर्षांपूर्वी अशीच एक पाटी कापली होती आणि रंग वाळल्यावर रस्त्याच्या पलीकडून वाचताना ती चूक ध्यानात आली. तेव्हापासून प्रत्येक नमुना कापण्याआधी भिंतीला चिकटवून वीस पावलांवरून वाचण्याची सवय ठेवली आहे. ती सवय प्रत्येकाने लावून घ्यावी, असे मनापासून वाटते.

यातून जो नियम निघतो तो असा, की बेटाचा पूल माथ्यावर न देता खाली, जिथे अक्षराचा वळसा उभ्या दंडाला मिळतो त्या सांध्यावर द्यावा. ‘प’, ‘घ’ आणि ‘म’ यांना ही जागा उत्तम, कारण तेवढी फट डोळा आपोआप भरून काढतो. ‘व’ आणि ‘क’ यांचे पोट दंडाला दोन ठिकाणी मिळते, त्यामुळे दोन्ही सांध्यांवर एकेक पूल देता येतो. ‘ब’ सर्वांत अवघड आहे. त्याच्या पोटातली तिरपी रेघ बेटाचे दोन भाग करते; तिच्यावरच पूल दिला तर रेघ तुटते आणि ‘बीड’ वाचणाऱ्याला ‘वीड’ दिसते. म्हणून वरच्या भागाला वरच्या सांध्यावर, खालच्या भागाला खालच्या सांध्यावर स्वतंत्र पूल द्यावा आणि तिरपी रेघ अखंड ठेवावी. ‘ठ’च्या गोलाला डावी-उजवीकडे समोरासमोर दोन पूल शोभतात. ‘भ’, ‘ध’ यांच्या डोक्यावरची लहान गाठ कोरण्याचा आग्रह धरू नये. ७५ मिमीच्या अक्षरात ती भरीव ठेवली तरी अक्षर सहज वाचता येते.

बेट २५ मिमीपेक्षा मोठे असेल तर त्याला एका पुलावर टांगू नये. ब्रशच्या प्रत्येक ठोक्याला ते खाली-वर होते आणि काही दिवसांत मुळाशी तुटते.

पूल किती रुंद असावा आणि तो तुटू नये म्हणून काय करावे?

७५ मिमी उंचीच्या अक्षराला लॅमिनेटमध्ये ४ ते ५ मिमी, हार्डबोर्डमध्ये ५ ते ६ मिमी आणि ॲल्युमिनियममध्ये ३ मिमी रुंदी पुरते. अक्षर दुप्पट झाले की पूलही वाढवावा, मात्र दुप्पट करण्याची गरज नसते.

रुंदीपेक्षा महत्त्वाचा असतो पुलाच्या मुळाचा कोपरा. लॅमिनेट आणि ॲक्रिलिकमध्ये भेग नेहमी धारदार आतल्या कोपऱ्यातून सुरू होते. म्हणून कापण्याआधी पुलाच्या प्रत्येक मुळाशी, अक्षराच्या बाजूला, २ मिमीच्या ड्रिलने एक छिद्र पाडावे आणि कापताना ब्लेड त्या छिद्रात येऊन मिळेल असे पाहावे. कोपरा गोल राहतो, ताण एका बिंदूवर येत नाही, आणि त्यांतलेच एक छिद्र ब्लेड ओवण्यासाठीही कामी येते. इतक्या लहान गोलाईने अक्षर बिघडलेले कोणाच्याही नजरेस येत नाही. टिकाऊपणासाठी एकच गोष्ट करायची झाली, तर ही करावी.

शिरोरेषा एका सलग कापात घेता येईल का?

घेऊ नये. सलग शिरोरेषा म्हणजे शीटमधली एक लांब फट असते आणि तिच्या खाली दोन अक्षरांमधली जागा कंगव्याच्या दातासारखी फक्त तळाशी जोडलेली राहते. हे दात उचलले जातात आणि रंग त्यांच्याखालून पाझरतो. प्रत्येक दोन अक्षरांच्या मध्ये शिरोरेषेत ४ ते ६ मिमीचा पूल ठेवावा. छापल्यावर ती तुटक रेघ स्टेन्सिलची म्हणून डोळ्याला खटकत नाही. तरीही खटकली तर बारीक ब्रशने रेघ हाताने जोडून घ्यावी. वेलांटी आणि मात्रा शिरोरेषेला जिथे मिळतात तिथेही थोडी फट ठेवली, तर शीट बरीच ताठ राहते. ‘अंबाजोगाई’, ‘औंढा’ यांतला अनुस्वार म्हणजे ड्रिलचे एक मोठे छिद्र, त्याला करवतीची गरजच नाही.

तयार मिळणाऱ्या देवनागरी स्टेन्सिल वापरल्या तर?

अंकांसाठी वापराव्यात. अक्षरांच्या बाबतीत ‘ल’ आणि ‘श’ आधी पाहावेत, कारण अनेक संचांत ते हिंदी वळणाचे असतात आणि ‘ळ’ तर कित्येकदा नसतोच. शाळेच्या भिंतीवर मुले रोज वाचणार असतील, तर शासनाच्या प्रमाण वर्णमालेतला पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ हेच वळण असले पाहिजे, आणि ते हवे असेल तर स्वतःच कापावे.

नमुना शीटवर कसा चिकटवावा?

शीटवर आधी चिकटपट्टीचा एक थर लावावा आणि त्यावर डिंकाने कागद चिकटवावा, म्हणजे काम झाल्यावर कागद पट्टीसकट एका ओढीत निघतो. याच पट्टीमुळे कापताना ब्लेडचे घर्षण कमी होते आणि लॅमिनेटच्या कपच्या कमी उडतात. अक्षराभोवती चारही बाजूंना किमान ४० मिमी शीट सोडावी, नाहीतर ब्रशचे फटकारे बाहेर भिंतीवर उमटतात.

ब्लेड कोणते आणि यंत्राचा वेग किती ठेवावा?

स्क्रोल सॉचे ब्लेड साधारण ५ इंच लांब असते. टोकाला आडवी पिन असलेले ब्लेड लावायला सोपे असते, पण ते ओवायला मोठे छिद्र लागते. बिनपिनीचे ब्लेड २ मिमीच्या छिद्रातून जाते, म्हणून स्टेन्सिलच्या कामाला तेच घ्यावे. ३ मिमी हार्डबोर्डला ३ किंवा ५ नंबर, पातळ लॅमिनेटला १ नंबर किंवा त्याहून बारीक ब्लेड असावे. शीटच्या जाडीत एका वेळी किमान तीन दात राहिले पाहिजेत, हा जुना नियम धातूला तर काटेकोर पाळावा लागतो. खालच्या टोकाचे काही दात उलटे असलेले ब्लेड मिळाले, तर खालच्या बाजूला कपच्या कमी निघतात.

ताण इतका असावा, की बोटाने छेडल्यावर ब्लेडमधून स्वच्छ सूर निघावा. ढिले ब्लेड वळणावर पोट काढते आणि कड उभी न राहता तिरपी होते. अनेक ब्लेडे बनवतानाच एका कडेला किंचित धार राहिल्यामुळे सरळ ढकलले तरी थोडी बाजूला जातात. अशा वेळी यंत्राला दोष न देता शीट दोन-तीन अंश तिरकी धरून पुढे न्यावी. लॅमिनेटने ब्लेड लवकर बोथट होते. शीट ढकलावी लागते आहे असे वाटताच ब्लेड बदलावे, कारण बोथट ब्लेडवर दिलेला जोर पुलावरच येतो.

ॲक्रिलिक कापताना मागची चीर पुन्हा चिकटते, त्याचे काय करावे?

ॲक्रिलिक साधारण १०५ अंश सेल्सिअसला मऊ होते आणि वेगाने चालणारे बारीक ब्लेड तेवढी उष्णता सहज निर्माण करते. वेग कमी करावा, थोडे मोठ्या दातांचे ब्लेड घ्यावे, शीटवरचा संरक्षक कागद काढू नये आणि वळणावर एकाच जागी थांबून राहू नये. मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये हे काम करूच नये. सकाळी शीट थंड असताना तीच चीर नीट निघते.

कोणता भाग आधी कापावा?

मधली आणि लहान छिद्रे आधी, कडेची आणि मोठी नंतर, म्हणजे शेवटपर्यंत शीट ताठ राहते. टोकदार कोपऱ्यावर शीट गरकन फिरवू नये; अक्षराच्या आतला भाग टाकाऊच असतो, त्यात एक लहान वळसा घेऊन नव्या रेघेवर यावे.

एका वेळी अनेक स्टेन्सिल कापता येतात का?

येतात, आणि लॅमिनेटसाठी ही रीत उलट अधिक चांगली आहे. तीन शीट एकावर एक ठेवून वर-खाली ३ मिमी प्लायवूडचे तुकडे लावावेत आणि कडा चिकटपट्टीने गच्च गुंडाळाव्यात. मधल्या शीटना वर-खाली आधार मिळाल्याने कपच्या उडत नाहीत. असा गठ्ठा सावकाश न्यावा लागतो आणि जाडी वाढल्यामुळे ५ नंबरचे ब्लेड लागते.

याच पद्धतीने पातळ धातूही कापता येतो. छापखान्यात वापरून झालेल्या ऑफसेट प्लेटा ॲल्युमिनियमच्या असतात, जाडी ०.१५ ते ०.३ मिमी असते आणि त्या रद्दीच्या भावात मिळतात. त्या उघड्या कापल्या तर फडफडतात आणि फाटतात. प्लायवूडमध्ये दाबून, धातूचे ब्लेड लावून, त्यावर मेण घासून, अगदी कमी वेगाने कापल्या तर कड सुबक येते. कापसाची गाठ किंवा लोखंडी पाइप यांसारख्या गोलसर पृष्ठभागावर छापायचे असेल तर वाकणारी ही प्लेटच घ्यावी.

कापल्यावर कडांचे काय करायचे?

खालच्या बाजूची खरखर बारीक कानशीने आणि २२० नंबरच्या पॉलिश पेपरने काढावी. पुलावर कानस लांबीच्या दिशेने चालवावी, आडवी चालवू नये.

वीज नसेल किंवा यंत्रच नसेल तर?

फ्रेट सॉ, म्हणजे इंग्रजी ‘यू’ आकाराची हातकरवत, तेच ब्लेड घेते. टेबलाच्या कडेला मध्ये खाच असलेली फळी बसवून त्यावर शीट धरावी आणि दात खालच्या दिशेला ठेवून कापावे. वेळ तिप्पट लागतो, पण लॅमिनेटवरचे सर्वांत नाजूक काम आम्ही आजही हातानेच करतो.

रंग खाली पाझरतो, तो कसा थांबवावा?

बहुतेक वेळा दोष शीटचा नसून ब्रशवरच्या जास्तीच्या रंगाचा असतो. ब्रश आखूड, सपाट तोंडाचा असावा. रंगात बुडवून आधी कागदावर ठोकून जवळजवळ कोरडा करावा आणि मग स्टेन्सिलवर ओढण्याऐवजी उभा ठोकावा. तागाच्या पोत्यावर रंग घट्टच हवा, पातळ केलेला रंग धाग्यांमधून पसरतो. खडबडीत गिलाव्यावर ताठ स्टेन्सिल टेकत नाही, म्हणून अक्षरे टाळून तिच्या मागच्या कडेला फोमची पातळ पट्टी चिकटवावी आणि स्टेन्सिल दोन्ही हातांनी दाबून धरायला एक सोबती घ्यावा.

पैठणीच्या काठासारखी सलग नक्षी भिंतीवर कशी उतरवावी?

मोर, कमळ, वेल अशा आकृत्यांत पूल शोधावे लागत नाहीत, ते नक्षीच्या पाकळ्यांमधल्या फटींतच सामावतात. अडचण असते ती पुढचा छापा मागच्याशी जुळवण्याची. स्टेन्सिलच्या दोन्ही टोकांना नक्षीतलाच एक ठिपका कापावा आणि पुढच्या वेळी डावा ठिपका मागच्या उजव्या ठिपक्यावर बसवावा. भिंतीवर आधी सुताला निळ लावून आडवी रेघ मारून घ्यावी. लांब पट्टी ॲक्रिलिकची असेल तर उन्हातल्या भिंतीवर तिचे माप बदलते. १ मीटरची पट्टी ३० अंशांनी तापली की सुमारे २ मिमी वाढते आणि दहा छाप्यांत तो फरक डोळ्याला दिसू लागतो. १७ सप्टेंबरच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाआधी शाळा रंगवताना पावसाळी हवेमुळे ही अडचण कमी येते, मात्र तेव्हा हार्डबोर्ड ओलावा धरतो.

कापताना कोणती काळजी घ्यावी?

लॅमिनेट आणि हार्डबोर्ड दोन्हींची धूळ नाकात जाऊ देऊ नये. साध्या रुमालाऐवजी धुळीचा मास्क लावावा आणि डोळ्यांवर चष्मा असावा, कारण बारीक ब्लेड तुटते तेव्हा वरचा तुकडा चालूच राहतो. ब्लेड तुटताच आधी स्विच बंद करावा, शीट नंतर उचलावी. बोटे ब्लेडच्या समोर न ठेवता दोन्ही बाजूंना ठेवावीत.

स्टेन्सिल कशी पुसावी आणि कुठे ठेवावी?

रंग ओला असतानाच पुसावी. ऑइल पेंटला टर्पेंटाइन, डिस्टेंपरला पाणी. फडके पुलावर आडवे ओढू नये. स्टेन्सिल सपाट फळीवर ठेवून टिपून घ्यावी. थरावर थर साचले की अक्षराची रेघ अरुंद होत जाते, म्हणून हंगाम संपल्यावर कडांवरचा सुकलेला रंग बोथट पत्रीने खरवडून काढावा. भिंतीला टेकवून उभी ठेवलेली शीट उन्हाळ्यात वाकते आणि पत्र्याखाली ठेवलेली ॲक्रिलिकची शीट तर पुन्हा सरळच होत नाही. दोन प्लायवूडच्या मध्ये आडवी ठेवावी, आणि वरच्या कोपऱ्यात कोणत्या बाजूने छापायचे ते मार्करने लिहून ठेवावे.